राजवाड्यावरचे फांगकाका

फांगकाकांची आणि माझी पहिली भेट म्हणजे चक्क टक्कर होती, आणि दोघांपैकी एकालाही समोरचं दिसत नव्हतं म्हणून ती झाली.

मी मेलबर्नमध्ये, ग्लेन वेव्हर्लीच्या शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये ट्रॉल्या गोळा करायच्या नोकरीवर नुकताच लागलो होतो. गिऱ्हाइकांनी कुठेही सोडून दिलेल्या ट्रॉल्या एकात एक अडकवायच्या आणि ती आगगाडी मागून ढकलत दुकानाकडे न्यायची. मागून ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, ही त्या कामातली मुख्य गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. फांगकाका समोरून येत होते. समोरून, पण उलटे. पाठ माझ्याकडे, तोंड पलीकडे, हात मागे बांधलेले आणि पावलं निवांत मागे मागे पडतायत. उलटं चाललं की गुडघे टिकतात, अशी त्यांच्या गावच्या म्हाताऱ्यांची ठाम समजूत होती. हे मला पुढे कळलं. त्या क्षणी कळलं ते इतकंच, की माझी आगगाडी कशाला तरी धडकली आणि पुढून आवाज आला, "अय्या!"

घर सोडल्यापासून इतकं स्वच्छ 'अय्या' मी ऐकलं नव्हतं. आपल्या ट्रॉल्यांखाली कोणी मराठी बाई सापडली, या कल्पनेनं माझं धाबं दणाणलं. "मावशी, लागलं का हो?" असं ओरडत मी पुढे धावलो. मावशी नव्हत्या. निळी कापडी टोपी घातलेले एक चिनी गृहस्थ डांबरावर बसून आपला थर्मास कानाशी धरून हलवत होते. आत काच फुटली नाही याची खात्री झाल्यावर ते उठले, पँट झटकली, माझ्याकडे नाही तर ट्रॉल्यांकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, पुढच्या ट्रॉलीची दांडी धरून ओढायला लागले. मी मागून ढकलतोय, हे पुढून दिशा देतायत. अशा आम्ही बऱ्याच फेऱ्या केल्या. सुपरवायझरनं लांबून विचारलं, "हू इज दॅट, मेट?" मी म्हटलं, "ट्रेनर." त्याला ते पटलं, कारण दोघांमध्ये काम येणारा माणूस कोण, ते लांबूनही दिसत होतं.

त्याच संध्याकाळी माझा मित्र विकी आणि मी खोली बघायला गेलो. विकी कानपूरचा. आम्ही एकाच वर्गात अकाउंटिंग शिकत होतो, म्हणजे पीआरसाठी, तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी, लागणारे पॉइंट्स जमवत होतो. त्या वर्षांत आम्हा विद्यार्थ्यांची विमानंच्या विमानं उतरत होती आणि प्रत्येक जण कुठून तरी कुठे तरी निघालेला होता. या खोलीतून त्या खोलीत, या कोर्समधून त्या कोर्समध्ये. ही खोली म्हणजे कुणाच्या तरी बंगल्यामागचं गॅरेज होतं. बेल वाजवली. दार उघडलं ते निळ्या टोपीनं.

"ट्रॉली!" ते आनंदानं म्हणाले.

तेव्हापासून माझं नाव ट्रॉली.

बंगला त्यांच्या मुलीचा, मेचा. मे एका ऑफिसात हिशेबनीस होती. नवरा धंद्यासाठी चीनमध्येच, आणि पोरगी एमिली, प्रायमरीच्या शेवटच्या वर्षात, व्हायोलिन आणि तीन ट्यूशन्सच्या कात्रीत. फांगकाका आले होते नातीला शाळेतून आणायला आणि तिच्यासाठी घरात कोणी तरी असावं म्हणून. बायको गेल्यावर मेनं त्यांना बोलावून घेतलं होतं.

मेनं आम्हाला घराचे नियम सांगितले, आणि सगळ्यात आधी झोन सांगितला. ग्लेन वेव्हर्लीत घर घेताना लोक भिंती बघत नाहीत, छप्पर बघत नाहीत, झोन बघतात. तिथल्या सरकारी शाळेचं इतकं नाव, की तिच्या हद्दीत राहणाऱ्यांच्याच मुलांना प्रवेश. ती हद्द मेच्या रस्त्याच्या मधोमध जात होती. "आम्ही आत," ती म्हणाली, "समोरचे बाहेर." समोरच्या फुटपाथकडे ती अशा नजरेनं पाहायची, की तिकडे दर वर्षी पूर येत असावा.

फांगकाकांना आम्ही बसलेलं क्वचितच पाहिलं. जेवायचे तेही वाडगा हातात घेऊन, मागच्या अंगणात फेऱ्या मारत. खुर्ची दिसली की ती उचलून दुसरीकडे ठेवायची, ही त्यांची खुर्चीशी ओळख. मेचं हिरवंगार लॉन होतं. ते त्यांनी हळूहळू, कडेकडेनं, उकरायला घेतलं आणि तिथे लसणाची पात लावली. मे रविवारी ओरडायची, ते सोमवारी आणखी एक वीत पुढे सरकायचे. थंड पाण्याला त्यांचा सक्त विरोध. विकी फ्रिजमधल्या बाटलीला तोंड लावायचा, तेव्हा ते धावत येऊन बाटली हिसकावत आणि थर्मासमधलं वाफाळतं पाणी पुढे करत. माझी आईही मला हेच सांगत आली असल्यामुळे मी गुपचूप प्यायचो. विकी म्हणायचा, "अबे, तेरी मम्मी मूँछ लगा के यहाँ भी आ गई."

त्यांचं इंग्रजी मोजक्या शब्दांचं होतं आणि एकेका शब्दाला ते बैलासारखं राबवत. 'फिनिश' म्हणजे संपलं, मेलं, बंद पडलं, बस निघून गेली. 'नो गुड' म्हणजे थंड पाणी, पिझ्झा, पाऊस आणि विकीचे केस. आणि 'एम्परर'. हा तिसरा शब्द त्यांना कुठे मिळाला, कोण जाणे, पण तो आला की त्यांची मान ताठ व्हायची.

एकदा लसणाला पाणी घालता घालता ते मला म्हणाले, "ट्रॉली, माय हाऊस, एम्परर हाऊस."

"मे'ज हाऊस?"

"नो, नो. चायना. शिआन. माय हाऊस, एम्परर हाऊस. बिग!" आणि त्यांनी पाइप सोडून दोन्ही हात असे पसरले, की माझी पँट भिजली.

आता शहाणा माणूस इथे आणखी एखादा प्रश्न विचारेल. मी भिजल्या पँटनिशी युनिला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, गेलो आणि कॅन्टीनमध्ये जाहीर केलं, की आमचा घरमालक चीनच्या शेवटच्या राजघराण्यातला आहे. कम्युनिस्ट आल्यावर त्यांना पळावं लागलं. हा कम्युनिस्टांचा भाग मी स्वतः घातला होता, कारण त्याशिवाय गोष्टीला चव येईना. वर्गातल्या चिनी मुलीनं भुवया उंचावल्या, त्याचा अर्थ मी 'आदर' असा घेतला. विकी त्या दिवसापासून फांगकाकांना पाहिलं की कमरेत वाकून "जहाँपनाह" म्हणायला लागला. काकांनाही मजा वाटायची. ते विकीच्या डोक्यावर हात ठेवत आणि आशीर्वाद देत, "हेअर नो गुड."

शेवटी मी त्यांना राजवाड्याचा फोटो मागितला. त्यांनी पाकिटातून काढून दिला. फोटोत मातीचं एक मोठं टेकाड, त्यावर वाळकं गवत, एक बकरी, आणि टेकाडाला लगटून विटांच्या बुटक्या घरांची, कौलांची, तारांची गिचमिड.

"पॅलेस कुठेय?"

"अंडर," फांगकाका म्हणाले. मग बुटक्या घरांमधल्या एका पत्र्याच्या खोपटावर नख टेकवलं. "धिस, टॉयलेट. टॉयलेट अप. एम्परर अंडर." आणि इतके हसले, की त्यांना खोकला आला.

म्हणजे प्रकार असा. शिआन शहराच्या उत्तरेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे, तांग बादशहांचा राजवाडा होता. त्याचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. तो जळून, पडून, मातीत मिसळून हजारावर वर्षं झाली. फांगकाकांचे वडील दुष्काळात आणि पुरात हेनान प्रांतातून मालगाडीवर बसून पळाले, या शहरात उतरले, आणि पुराला भ्यालेल्या माणसानं जी जमीन निवडावी ती निवडली. म्हणजे उंचवटा. उंचवटा बादशहाच्या दरबाराचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी झोपडी तिथेच बांधली असती. त्यांच्यासारखे हजारो आले. राजवाड्यावर वस्ती झाली, वस्तीत नळ आला, शाळा आली. फांगकाका तिथेच जन्मले, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागले, तिथेच लग्न केलं. लहानपणी विहीर खणताना कोरीव फरशा निघायच्या, त्या पोरं चिखलात पाय ठेवायला वापरायची. हे सगळं त्यांनी मला तीन शब्दांत सांगितलं असं नाही. बरंचसं मेकडून कळलं, आणि ते कळायला आधी एक लाजिरवाणा प्रसंग घडावा लागला.

दर रविवारी फांगकाकांना शिआनहून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन यायचा. थंडी सुरू झाली तसे हे फोन लांबायला लागले आणि फोननंतरच्या फेऱ्याही. अंगणातून रस्ता, रस्त्यावरून पार्क, पार्कातून परत. मग ते आमच्या गॅरेजच्या दारात येऊन उभे राहत, छाती वरखाली होत असायची, आणि म्हणत, "चाय! चाय!"

"बुड्ढे को चाय चाहिए," विकी म्हणाला.

यात चूक काय? माणूस दमून येतो, चहा मागतो. विकीनं आलं ठेचलं, वेलची घातली, दूध-साखर सढळ हातानं, आणि कप पुढे केला. फांगकाकांनी कपाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि शिस्तीनं सगळा प्यायले. चेहऱ्यावर एरंडेल घेतल्याचा भाव. संपल्यावर पुन्हा म्हणाले, यावेळी दोन्ही हात वरून खाली आपटून, "चाय!"

"और चाहिए!" विकी खूश. "देखा? आदत लग गई."

असं कित्येक आठवडे चाललं. ते तळमळून यायचे, 'चाय' म्हणायचे, आम्ही पाजायचो. एकदा तर डोळ्यांत पाणी आलं होतं. विकीला वाटलं, आलं जास्त झालं.

एका संध्याकाळी मे गॅरेजमध्ये आली, ऑफिसच्याच कपड्यांत. "तुम्ही माझ्या वडिलांना सारखा गोड चहा का देता? त्यांची शुगर वाढलीय."

"ते मागतात," मी म्हणालो.

"ते कधीच दुधाचा चहा पीत नाहीत. त्यांना वास सहन होत नाही."

"पण दर रविवारी येऊन म्हणतात ना. चाय, चाय."

मे विकीच्या पलंगाच्या कडेवर बसली. "चहाला आम्ही 'चा' म्हणतो," ती म्हणाली. "चाय म्हणजे पाडणं. घर पाडणं. भिंतीवर लाल रंगानं गोल काढून त्यात हे अक्षर लिहितात. आमच्या भिंतीवर लिहिलंय."

आता माझ्या मूर्खपणाची खरी खोली बघा. 'चा' आणि 'चहा'. मी मराठी माणूस. माझ्या घरात जन्मभर चहाच पितात. मी जर मराठीत विचार केला असता, तर हा माणूस मागतोय तो चहा नव्हे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण रूममेट कानपूरचा, गल्लीत पंजाबी, दुकानदार गुजराती. मी बापडा कधीच 'चाय'वर आलो होतो. घर पडतंय म्हणून एक माणूस आक्रोश करतोय आणि आम्ही त्याला आलं घालून देतोय.

मेनं त्या दिवशी सगळं सांगितलं. राजवाड्याच्या जागी मोठी बाग व्हायची होती, जगातून लोक बघायला येतील अशी. सरकारी माणसांनी चुन्यानं जमिनीवर रेषा मारली: जुन्या राजवाड्याची तटभिंत इथून जात होती. रेषेच्या आतली सगळी घरं जाणार, बाहेरची राहणार. बदल्यात उंच इमारतीत फ्लॅट. कागदपत्रं भावानं केली होती, कसली अडचण नव्हती. फांगकाकांना फक्त जायचं होतं. पडायच्या आधी एकदा घरात जाऊन यायचं होतं.

"मग जाऊ द्या ना त्यांना," मी म्हणालो.

"एमिलीला शाळेतून कोण आणणार? तू? तुझी शिफ्ट असते. परीक्षा आहे तिची." ती उठली. "आणि ते गेले की परत यायचे नाहीत. मी ओळखते त्यांना. आणि बघायचं काय तिथे? मातीचा ढिगारा आणि एक घाणेरडी गल्ली. मी तिथून बाहेर पडायला किती अभ्यास केला, तुला माहितीय?"

दाराशी थांबून ती म्हणाली, "गंमत आहे, नाही? इथे रेषेच्या आत यायला मी आयुष्य घालवलं. तिथे आमचं घर रेषेच्या आत निघालं."

मग काही तरी करायला हवं म्हणून मी केलं, आणि मी काही करायला गेलो की जे होतं ते झालं. विकीच्या लॅपटॉपवर आकाशातून काढलेले फोटो जोडून केलेला जगाचा नकाशा होता. मी फांगकाकांना बोलावलं. "स्काय कॅमेरा," मी ऐटीत म्हणालो. "शिआन."

"नाऊ?" त्यांनी विचारलं.

"नाऊ," मी बेधडक सांगितलं.

रेल्वेचा माणूस. त्यांनी आधी स्टेशन शोधलं, मग रूळ धरून बोट सरकवत गेले, वर्कशॉपची लांब छपरं, पाण्याची टाकी, आणि मग एका राखाडी गिचमिडीत बोट थांबलं. "माय हाऊस." छप्पर शाबूत होतं. "नो चाय!" ते ओरडले. विकी आता विद्वान झाला होता, तोही ओरडला, "हाँ अंकल, नो चाय!"

त्यानंतर ते रोज यायचे. घर उभं आहे, बघून जायचे. चार-आठ दिवसांनी युनितल्या एका पोरानं मला हसत हसत सांगितलं, की ते फोटो कित्येक वर्षं जुने असतात. मी सबबी काढायला लागलो. इंटरनेट फिनिश. लॅपटॉप नो गुड. विकी लायब्ररीत. फांगकाका ऐकून घेत, गॅरेजला फेरी मारत आणि पुन्हा दारात. शेवटी त्यांनीच मला बाजूला सारलं, लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "ट्रॉली. फोटो ओल्ड. आय नो."

"यू नो?"

त्यांनी छपरावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. मला तो दिसलाही नव्हता. लाल, मुंगीएवढा. "ब्लँकेट," ते म्हणाले. "माय वाइफ. सन." उन्हात टाकलेली गोधडी.

मी मूर्खासारखं विचारलं, "मग त्या कुठेयत?"

त्यांनी बोट जरा बाजूला, छपरावर सरकवलं. "इनसाइड," ते म्हणाले. "कुकिंग."

विकी उठून बाहेर गेला आणि बराच वेळ त्यानं उगाच सायकल पुसली.

भावाचे फोन येत राहिले. पाडणारे गल्लीच्या तोंडाशी आले होते. फांगकाकांचं वजन उतरलं. एमिलीला आणायला ते शाळा सुटायच्या कितीतरी आधी जाऊन शाळेभोवती घिरट्या घालायचे; एकदा शाळेनं मेला फोन करून विचारलं, हे गृहस्थ तुमचेच ना. बापलेकीचं बोलणं बंद झालं होतं. भांडी मात्र फार आवाज करत घासली जायची.

आणि त्याच सुमाराला आमच्या शेजारचं घर पाडायला काढलं. ग्लेन वेव्हर्लीत हे नेहमीचं. झोनमधलं जुनं, बुटकं घर घ्यायचं, पाडायचं आणि तिथे खांबांचा दुमजली महाल उठवायचा. यंत्र आलं, त्यानं एका दुपारीत घर चावून टाकलं. फांगकाका तारेच्या जाळीला कपाळ टेकवून सगळा वेळ उभे. ट्रक राडारोडा घेऊन गेले आणि उरला फक्त चिकणमातीचा मोकळा तुकडा.

रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होतो, तोच हाक आली, "ट्रॉली! कम! एम्परर हाऊस!" त्यांनी जाळीची एक चौकट सरकवून आत प्रवेश केला होता आणि हातात लसूण उकरायचं खोरं होतं. विकी आणि मी आत गेलो. त्यांनी खोऱ्यानं मातीत रेघा ओढल्या आणि आम्हाला घर दाखवायला सुरुवात केली. हा पलंग. ही चूल. हा नळ, सगळ्या गल्लीचा. टाच आपटून म्हणाले, "अंडर, एम्परर. एम्परर ईट हिअर. मी ईट हिअर." विकी अत्यंत आदरानं रिकाम्या जागेचे फोटो काढत होता. मी विचारलं, राजवाडा केवढा होता? त्यांनी खोरं फिरवलं. मेचं घर, समोरचा झोनबाहेरचा फुटपाथ, त्यापलीकडची घरं, ट्रेनची लाइन, सगळं त्यात आलं. "ऑल," ते म्हणाले.

तेवढ्यात मे आली. हातात रबरी मोजे, पायात घरातल्या सपाता. जाळीबाहेरून ती आधी चिनीत कडाडली, मग आमच्यासाठी इंग्रजीत. "बाहेर या! ही साइट आहे. कोणी कौन्सिलला फोन केला तर?"

फांगकाकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते मला स्वयंपाकघर दाखवत होते.

मे काही तरी म्हणाली. ते मान हलवून नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. त्यांनी खोऱ्यानं तीच जागा ठोकून दाखवली. मग मे आत आली. चिखलातून, सपातांनिशी, तरातरा त्यांच्या पुढून गेली आणि पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"चूल इथे होती," ती आम्हाला इंग्रजीत म्हणाली. "त्यांना काय माहीत? त्यांनी कधी स्वयंपाक केला? मी इथे बसून अभ्यास करायचे. इथे ऊब असायची. आई कणीक मळायची आणि मी..." ती थांबली. पायांकडे पाहिलं. एक सपात मागे चिखलातच राहिली होती.

मग त्या दोघांची जुंपली. पाण्याचा रांजण कुठे होता, यावर. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, पण भांडण अव्वल होतं. एकमेकांच्या रेघा पायानं पुसून नव्या काढल्या जात होत्या. इतक्या दिवसांत ती दोघं पहिल्यांदाच बोलत होती. एमिली व्हायोलिन हातात घेऊन जाळीशी आली. "मम, व्हॉट आर यू डूइंग? धिस इज सो एम्बॅरसिंग!"

"गो प्रॅक्टिस!" मे ओरडली आणि पुन्हा रांजणाकडे वळली.

त्या आठवड्यात मेनं तिकिटं काढली. तिघांचीही. एमिलीला म्हणाली, परीक्षा पुढच्या वर्षी दे. शेजारणींनी हे ऐकून मेला ताप आहे का, विचारलं.

परतल्या त्या दोघीच. मे गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, "घर होतं. माझ्या काकांनी दारं-खिडक्या काढून नेल्या होत्या, पण होतं. बाबा आत गेले आणि मला म्हणाले, जेवायला काय आहे? मग मी शेजारच्या काकूंच्या चुलीवर नूडल्स केल्या. आम्ही जमिनीवर बसून जेवलो. दुसऱ्या दिवशी पाडलं. धूळ बसेपर्यंत बाबा थांबले. मग मला म्हणाले, तू जा, शाळा सुरू होईल. मी म्हटलं होतं ना, ते यायचे नाहीत." पण आवाजात तक्रार नव्हती. लॉन तिनं पुन्हा लावलं नाही, लसूण तसाच ठेवला.

पुढे मला पीआर मिळाली, ट्रॉल्या सुटल्या, आणि लग्नासाठी पुण्याला निघालो तेव्हा वाकडी वाट करून शिआनला उतरलो. फांगकाका बागेच्या दारात उभे होते. टोपी तीच. फ्लॅट वरच्या मजल्यावरचा, तिथे जीव रमत नाही. रोज सकाळी इथे येतात, असं त्यांनी मला आपल्या पद्धतीनं सांगितलं. तिकीट खिडकीशी मी रांगेत लागलो, तर त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "माय हाऊस. तिकीट?" आणि खिडकीतल्या मुलीला चार शब्द सुनावून आम्ही सरळ आत. त्या मुलीला सवय असावी.

आत काय होतं? काही नव्हतं. नजर पोचेल तिथवर मैदान, दगडी रस्ते, नव्या विटांनी कडा बांधलेले मातीचे चौथरे, पाट्या. लोक एका पाटीकडून दुसऱ्या पाटीकडे जात होते आणि जे दिसत नव्हतं त्याचे फोटो काढत होते. फांगकाकांनी पाट्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. ते मला भराभर चालवत एका हिरवळीपाशी घेऊन आले. कडेला बुटकं कुंपण, आणि गवतावर चालू नका अशी पाटी, चित्रासकट. फांगकाका कुंपण ओलांडून आत गेले, हिरवळीच्या मधोमध उभे राहिले आणि मला हात केला.

मी आत पाय टाकला आणि शिट्टी वाजली.

परदेशात इतकी वर्षं काढलेला माणूस शिट्टी ऐकली की आधी पळतो, मग विचार करतो. मी एका उडीत रस्त्यावर, हात खिशात, चेहरा पर्यटकाचा. फांगकाका जागचे हलले नाहीत. गार्ड तरणा होता, गणवेश अंगाला ढगळ. शिट्टी तोंडात धरून तो हिरवळीवरून सरळ त्यांच्या अंगावर चालून आला.

फांगकाकांनी तळहात वर केला. गार्डच्या पुढ्यातल्या हवेवर त्यांनी हात वरपासून खालपर्यंत फिरवला, आणि काही तरी म्हणाले. मग जरा उजवीकडे बोट दाखवलं. माझ्याकडे वळून, मला कळावं म्हणून, इंग्रजीतही म्हणाले, "वॉल. डोअर, देअर."

गार्ड थांबला. समोरच्या रिकाम्या हवेकडे त्यानं पाहिलं. म्हाताऱ्याकडे पाहिलं. शिट्टी तोंडातून काढून खिशात टाकली, आणि उजवीकडून वळसा घालून, दारातून आत आला.